मुरावीनचा वजनकाटा

पहाटे साडेचारला लोखंडी नळ्यांवर दहिवर गोठलेलं.
थेआ कॅलिनन हातमोज्यानं ते पुसत जाते,
पुसून होत काहीच नाही,
तरी बावीस हिवाळे ती पुसतेय.

रात्रभर ट्रक येत राहिले.
सतराव्या कप्प्यात तांबडे हिअरफर्ड, अठराव्यात काळे अँगस,
एकोणिसाव्यात कुणाची तरी एकटीच म्हातारी गाय.
ती हंबरत नाही. नुसती बघते,
दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या बाईसारखी.

कानातल्या बिल्ल्यांवरून यंत्राची काठी फिरते:
टिट्. टिट्. टिट्.
जिथं टिट् होत नाही तिथं थांबायचं.
बिल्ला नसलेलं जनावर
सरकारच्या लेखी जन्मलेलंच नाही,
आणि जे जन्मलं नाही ते विकता येत नाही,
असं ती नव्या पोरांना सांगते. हसत नाही.

फाटकावर कौन्सिलची पाटी:
कुत्र्यांना मुसकं बांधा.
लंगडतं जनावर ट्रकमध्ये चढवू नका.
विजेची काठी मॅनेजरला विचारल्याशिवाय वापरू नका.
खाली खडूनं कुणीतरी लिहिलंय,
मॅनेजरला विचारायलाही जाऊ नका.
ते तिनं पुसलेलं नाही.

मग काटा.
वीस-वीस किलोची पंचवीस वजनं
एन्झो उचलून ठेवतो, कण्हतो, मोजतो.
पाचशे यायला हवेत.
चारशे चौऱ्याण्णव.
शेण खरवडलं, पाणी मारलं, पुन्हा रचली.
चारशे चौऱ्याण्णव.

दलाल पेंडरगास्ट कॉफीचा पेला घेऊन आला, वाकून आकडे बघितले.
"सहा किलो? अगं, गाय एकदा शेपूट वर करते
तेवढ्यात सहा किलो जातात.
बाहेर आठशे जनावरं उभी आहेत, थेआ."

तिलाही ते दिसत होतं.
तिला आणखी एक दिसत होतं:
ऑफिसातल्या रजिस्टरात गेल्या गुरुवारची ओळ,
"काटा तपासला, बरोबर", आणि खाली तिची सही.
त्या पहाटे रॅम्पवर एक ट्रक अडकला होता,
पाऊस होता, एन्झो आजारी होता.
वजनं खोलीतून बाहेर निघालीच नव्हती.

मापात पाप म्हणतात ते असंच असावं.
कुणी केलेलं नसतं,
नुसतं कुणी बघितलेलं नसतं.

भोंग्यावरून तिनं सांगितलं, काटा बंद, लिलाव थांबलाय.
कुणी शिवी दिली, कुणी घड्याळ बघितलं,
एकानं ट्रकच्या बॉनेटवर पत्ते मांडले.
दुरुस्तीवाला दीडशे किलोमीटरवरून यायचा होता.
तोवर तिनं सगळ्या कप्प्यांत पाणी भरून घेतलं,
म्हातारीच्या कप्प्यात बादली स्वतः नेली.
गायीनं आधी वास घेतला, मग तिच्याकडे बघितलं, मग प्यायली.

बारा वाजता फळीच्या कडेतून निघाला एक खडा,
अंगठ्याएवढा, गुळगुळीत.
"एवढासाच," दुरुस्तीवाला म्हणाला,
आणि बिल लिहायला बसला.

लिलाव अंधार पडेपर्यंत चालला.
म्हातारी शेवटी गेली, भावही बरा मिळाला.

आता ऑफिसात थेआ एकटी.
गेल्या गुरुवारच्या ओळीखाली तिनं लिहिलंय,
"तपासला नव्हता. थे. कॅ."
उद्या ते कौन्सिलला जाईल, मग जे व्हायचं ते होईल.
समोर गेल्या गुरुवारच्या विकणाऱ्यांची यादी, अकरा नावं.
तिघांना फोन झाले.
डेल्फीन रोच ओरडली, दुसरा हसला,
तिसरा गप्प राहून म्हणाला, माझ्या घरच्या काट्यावर जास्तच होतं,
मला वाटलं, माझाच काटा म्हातारा झाला.

चौथा ओब्रिस्ट.
त्यानं त्या दिवशी सगळा कळप विकला होता,
कुत्रासुद्धा शेजाऱ्याला दिला होता.
फोन वाजतोय.
त्या घराचं स्वयंपाकघर तिला माहीत आहे,
फोन कुठल्या भिंतीवर आहे तेही.
बाहेर एन्झो रॅम्प धुतोय, पाण्याचा आवाज येतोय.
ती ठेवत नाही.
वाजू देते.